परळचा सातबारा कोणाच्या नावावर?



मोर्चाच्या निमित्ताने आपल्यापैकी पुष्कळजण मुंबईला जाऊन आले आहेत. रात्रभर डब्यात दाटीवाटीने बसायचे, फडक्यातली भाकरी आणि ठेचा खायचा आणि सकाळी दादर गाठायचे. दादर सोडून गाडी बोरीबंदराकडे निघाली की परळ, करी रोड, चिंचपोकळी, भायखळा ही स्टेशने खिडकीतून मागे पळतात. दोन्ही बाजूंना चाळीस-पन्नास मजल्यांचे मनोरे. त्यांच्या मध्येच कुठे एखादे काळवंडलेले धुराडे उभे. मान वर करकरून दुखायला लागते. मग बरोबरचा कोणीतरी हमखास विचारतो, "इथं एकराला काय भाव असंल हो?" आणि सगळा डबा हसतो.

आम्ही म्हणतो, हसू नका. शेतकऱ्याने विचारायचा खरा प्रश्न तोच आहे. हे मनोरे जिथे उभे आहेत तिथे एके काळी भाताची खाचरे होती. परळ हे गाव होते. त्या गावाचा भाव कसा चढला, कोणाच्या कष्टाने चढला आणि चढलेला भाव कोणाच्या खिशात गेला, याचा हिशोब कापूस पिकवणाऱ्यांनी एकदा मांडून बघायला पाहिजे. कारण परळच्या त्या हिशोबात आपलेही नाव आहे. जमा होणाऱ्यांच्या बाजूला नाही, खर्ची पडलेल्यांच्या बाजूला आहे.

परळ गाव होते तेव्हा

मुंबई म्हणजे मुळात सात बेटे. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम. परळच्या बेटावर कोळी, भंडारी, कुणबी, आगरी यांची वस्ती होती. भात, नारळ, ताड, मासे आणि मिठागरे यांवर पोट. हे गाव शहरापेक्षा फार जुने. १९३१ साली परळला रस्त्याच्या कामात एक प्रचंड शिल्प सापडले. जाणकार ते सहाव्या शतकाच्या आसपासचे मानतात. लोकांनी त्याला बारादेवी म्हणून देवळात बसवले. म्हणजे कंपनी सरकारची बोट समुद्रात दिसायच्या हजार वर्षे आधीपासून इथे माणसे नांदत होती.

१६६१ च्या तहात पोर्तुगालच्या राजाने मुंबई इंग्लंडच्या राजाला देऊन टाकली. १६६८ साली त्या राजाने ती ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला १० पौंड भाड्याने दिली. कसणाऱ्याला कोणी विचारले नाही. पुढे गव्हर्नरसाहेबांनी परळला बंगला केला. हवा चांगली, झाडी दाट, शहराचा कोलाहल लांब. गाव होते म्हणून तर साहेब तिथे राहायला गेला. साहेबाचा मुक्काम हलल्यावर १८९९ साली त्याच बंगल्यात प्लेगच्या लसीची प्रयोगशाळा आली. तीच हाफकिन संस्था. साप चावला की आपल्याकडच्या दवाखान्यात जी लस शोधतात, त्या हाफकिनचे घर ते हेच.

मुंबईचा फोरास रोड पुष्कळांनी ऐकला आहे, तो भलत्याच कारणाने. पण 'फोरास' हा शेतीतला शब्द आहे. समुद्राचे पाणी हटवून निघालेली खारट, पाणथळ जमीन कोणीतरी कसावी म्हणून हलक्या साऱ्यावर दिली जाई, तिला फोरास म्हणत. रयतेने ती गोडी केली, तिच्यात भात पिकवला. १८५१ साली कायदा करून कसणाऱ्यांचा हक्क सरकारला मान्य करावा लागला. समुद्राकडून जमीन शेतकऱ्याने जिंकली. आज मात्र त्या रस्त्यावर शेतकऱ्याची एवढीच खूण उरली आहे, की एका शब्दाचा अर्थ कोणाला माहीत नाही.

पहिली पालट : खाचरावर गिरणी

१८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी सुरू झाली. १८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवला मुंबईच्या पहिल्या कापड गिरणीचा घाट घातला. ती १८५६ ला चालू झाली. मग १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तिकडचा कापूस बंद झाला आणि इंग्लंडच्या गिरण्या हिंदुस्थानच्या कापसाकडे धावल्या. मुंबईत पैशाचा पूर आला. लिव्हरपूलच्या बाजारात वऱ्हाडी कापसाचे नावच 'ऊमरा' पडले, उमरावतीवरून. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली आणि १८७० साली जलंबहून खामगावचा फाटा झाला. हे रूळ वऱ्हाडच्या माणसांसाठी टाकले नव्हते, वऱ्हाडच्या गाठींसाठी टाकले होते.

युद्ध संपले तसा भाव कोसळला. मुंबईत पेढ्या बुडाल्या, त्यांची इतिहासाच्या पुस्तकात पानेच्या पाने आहेत. ज्वारीचे रान मोडून कपाशी लावणाऱ्या कुणब्याचे काय झाले, त्याला एक ओळ मिळते. पण मुंबईने त्या तेजीत रेल्वे, बंदर आणि भांडवल कमावून ठेवले. त्याच जोरावर परळ, लालबाग, चिंचपोकळी, शिवडी, नायगाव, वरळी या गावांतली खाचरे बुजली, ताडमाड तुटले आणि धुराडी उभी राहिली. एकोणिसावे शतक संपेपर्यंत मुंबईत सत्तरच्या वर गिरण्या झाल्या. परळ गावाचे गिरणगाव झाले.

तारखा जुळवून पाहा. गिरणगाव भरभराटीला येत होते, त्याच १८९९-१९०० साली वऱ्हाड दुष्काळाने होरपळत होता. जिल्ह्यातून गाठी बाहेर जात होत्या आणि घरात दाणा नव्हता. गिरणीला कापूस स्वस्त मिळाला पाहिजे, हा नियम तेव्हा पडला आणि सरकारे बदलली तरी तो बदलला नाही. १९७२ पासून पुढे तीस वर्षे एकाधिकार खरेदी होती. योजना शेतकऱ्याच्या भल्याची म्हणून आली. पण बाहेर भाव चढा असला तरी स्वतःचा कापूस राज्याच्या वेशीबाहेर नेणारा शेतकरी नाक्यावर चोर ठरला. आणि २०२५ सालच्या ऑगस्टमध्ये, आपली बोंडे फुटायच्या बेताला आलेली असताना, कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क सरकारने वर्षअखेरपर्यंत उठवले. सांगितलेले कारण तेच, गिरण्यांना कापूस परवडला पाहिजे.

मुद्दा असा की परळच्या मातीला जो पहिला भाव चढला, तो परळच्या मातीचा गुण नव्हता. तो वऱ्हाड, खानदेश, मराठवाड्याच्या काळ्या मातीतला घाम होता. तो आगगाडीत बसून परळला गेला आणि तिथे चुन्या-विटांत थिजला.

दुसरी पालट : सरकारच झाले जमिनीचे व्यापारी

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. शहर कोंदटले होते, मोकळी हवा पाहिजे होती. १८९८ साली कायदा करून सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. या ट्रस्टने परळला लागून उत्तरेकडे असलेल्या दादर, माटुंगा, वडाळा, शीव या गावांतली भातशेती आणि ताडीच्या वाड्या सक्तीने संपादल्या. रस्ते काढले, गटारे बांधली, भूखंड पाडले आणि भाडेपट्ट्याने दिले. दादरची हिंदू कॉलनी आणि पारशी कॉलनी त्यातूनच उभी राहिली.

प्लेग खरा होता, रस्तेही लागत होते. आमची हरकत रस्त्याला नाही. आमची हरकत एका कलमाला आहे. १८९४ च्या भूसंपादन कायद्याच्या २४ व्या कलमात लिहिले होते की संपादन झाल्यावर जमिनीचा जो उपयोग होणार आहे, त्यामुळे तिची वाढणारी किंमत मोबदला ठरवताना धरायची नाही. नीट वाचा. जमीन घेणाराला ठाऊक आहे की उद्या इथे पेठ होणार. देणाराला ठाऊक आहे. मोबदला ठरवणाऱ्या साहेबालाही ठाऊक आहे. पण कायदा म्हणतो, डोळे मिटा आणि फक्त भात दिसतो असे म्हणा.

बाजारात एखाद्या व्यापाऱ्याने असे केले तर त्याला आपण लुच्चा म्हणतो. सरकारने केले, त्याला सार्वजनिक हित म्हटले गेले. हा कायदा १८९४ पासून २०१३ अखेरपर्यंत टिकला. स्वराज्य आले तेव्हा साहेब गेला, कलम राहिले.

तिसरी पालट : गिरणीवर मॉल

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. हे कामगार कोण? रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, पुण्याच्या डोंगरपट्ट्यातून, तुकड्या-तुकड्यांच्या शेतीत पोट भरेना म्हणून गेलेली शेतकऱ्यांचीच पोरे. संप रीतसर कधी मागेच घेतला गेला नाही. एकेक गिरणी बंद पडत गेली. भोंगा थांबला आणि मालकांच्या लक्षात आले की आत चालणाऱ्या मागांपेक्षा खालची जमीन जास्त सूत काढील.

आता कायद्याची चपळाई बघा. गिरण्यांची जमीन कापड काढण्यासाठी होती. काहींची तर नुसती भाडेपट्ट्याची होती. १९९१ च्या विकास नियमावलीत ५८ वा नियम आला. गिरणीच्या जमिनीचा विकास करायचा तर एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेला तिसरा हिस्सा मालकाला. मालकांना हे परवडेना. २००१ साली नियम बदलला. वाटणी फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीची करायची, ज्या जमिनीवर गिरणीच्या इमारती उभ्या होत्या ती वाटणीतून बाहेर. शहराचा आणि कामगारांचा वाटा आक्रसून गेला. प्रकरण कोर्टात गेले. २००५ साली हायकोर्टाने अडवले, २००६ साली सुप्रीम कोर्टाने २००१ चा नियम कायम केला.

भाव काय आला? २००५ साली राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने, म्हणजे सरकारी कंपनीनेच, मुंबईतल्या पाच गिरण्यांच्या जमिनी विकल्या आणि दोन हजार कोटींच्या वर रुपये मिळवले. त्यातली लोअर परळची मुंबई टेक्स्टाइल मिल सुमारे साडेसतरा एकरांची. ती ७०२ कोटींना गेली. म्हणजे एकरी ४० कोटी.

आम्ही कृषी महाविद्यालयात शिकलो तेव्हा आम्हाला जमिनीची प्रतवारी शिकवली. खोली किती, निचरा कसा, ओल किती दिवस टिकते, सामू काय. त्या शास्त्राने थोडे गणित करू. कोरडवाहू कपाशीला पाऊस साथ देईल त्या वर्षी एकरी ५ क्विंटल उतारा धरू. २०२५-२६ चा लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये. म्हणजे एकरी ४०,५५० रुपये. यात बियाणे, खत, फवारणी, निंदणी, वेचणी काहीच वजा केलेले नाही. या हिशोबाने ४० कोटी मिळवायला एका एकरात सुमारे ९,८६० वर्षे कपाशी घ्यावी लागेल. भाव २००५ चा, हमीभाव वीस वर्षांनंतरचा, खर्च शून्य धरलेला. तरीही ९,८६० वर्षे.

लोअर परळच्या मातीत असे काय होते? खारट भराव. प्रतवारी लावायची तर आमच्या प्राध्यापकांनी तिला शेवटच्या रांगेत बसवले असते. किंमत मातीत नव्हती. किंमत शिक्क्यात होती. शेत म्हणून शिक्का पडला की किंमत एक, गिरणी म्हणून दुसरी, बाजार म्हणून तिसरी. एवढी वर्षे आम्ही तुम्हाला माती परीक्षण करा म्हणून सांगत फिरलो. खरे तर सरकारच्या शिक्क्याचे परीक्षण आधी करायला पाहिजे होते.

आणि कामगार? घर मिळावे म्हणून दीड लाखाच्या आसपास अर्ज आले. २०१२ च्या सोडतीत निघाली सात हजारांच्या आतबाहेर घरे. २०२५ च्या जुलैमध्ये पांढऱ्या केसांचे कामगार आणि त्यांचे वारस आझाद मैदानात येऊन बसले होते. त्यांना दाखवली जाणारी घरे होती परळपासून कितीतरी लांब, शेलू आणि वांगणीला. शेलू आणि वांगणी ही कालपर्यंतची भातशेतीची गावे! म्हणजे परळ गावाचे शहर झाले, शहरातून कामगार निघाला आणि त्याला बसवायला पुन्हा दुसऱ्या गावाच्या खाचरात जागा शोधली. चक्र पूर्ण झाले. चक्रात भरडला गेला तो दोन्ही वेळा शेतकऱ्याच्याच घरचा.

आम्हाला गावाचे सुतक नाही

शहरातले काही सज्जन परळसारख्या गावांच्या आठवणीने हळवे होतात. ताडाची झाडे गेली, विहिरी बुजल्या, साधे जीवन हरपले, असे लिहितात. त्यांच्या भावनेचा आदर करून सांगतो, आमचे दुखणे ते नाही. गाव शहरात गेले याचे आम्हाला सुतक नाही. तोट्याच्या शेतीत पिढ्यान्‌ पिढ्या खपायची हौस कोणा शेतकऱ्याला नाही. त्याच्या पोरालाही नळाचे पाणी, बारमाही रस्ता, बरी शाळा आणि महिन्याच्या महिन्याला पगार पाहिजे. शहर वाढू द्या. आमचा सवाल एवढाच आहे: गाव शहरात शिरते तेव्हा गावकरी वेशीबाहेर का राहतो? जमिनीचा भाव शंभर पटीने वाढतो ती सकाळ नेमकी जमीन विकल्याच्या दुसऱ्या दिवशीच का उजाडते?

उत्तर कायद्यात आहे. १९७६ साली शहरी जमिनीवर कमाल मर्यादा आली. महाराष्ट्राने ती २००७ साली उठवली. शहरातल्या मालकाची बेडी तुटली. शेतजमिनीची कमाल मर्यादा १९६१ च्या कायद्याची. १९७५ नंतर कोरडवाहूला ५४ एकर. ती आजही कायम आहे, आणि संविधानाच्या नवव्या परिशिष्टाचे कुंपण घालून ठेवली आहे. वारसांच्या वाटण्या होऊन आपल्यापैकी बहुतेकांकडे पाच-सात एकरसुद्धा उरलेले नाही, तेव्हा ५४ एकरांशी आपला काय संबंध, असे कोणी म्हणेल. संबंध न्यायाचा आहे. गिरणीवाल्याच्या अडचणीसाठी दहा वर्षांत नियम बदलतो. शेतकऱ्याच्या बेडीला साठ वर्षांत किल्ली सापडत नाही.

जासई आणि मगरपट्टा

परळनंतर दोन गावांनी वेगळे करून दाखवले. दोन्ही आपल्याला उपयोगी आहेत.

पहिले जासई. १९७० साली सिडकोची स्थापना झाली. खाडीपलीकडे नवी मुंबई वसवण्यासाठी ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांच्या जमिनी घ्यायच्या ठरल्या. परळचा कित्ता तसाच गिरवायचा होता. पण इथे दि. बा. पाटील उभे राहिले आणि त्यांच्यामागे आगरी-कोळी शेतकरी. १९८४ च्या जानेवारीत १६ आणि १७ तारखेला उरण तालुक्यात गोळीबार झाला. पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्यातून पुढे १९९० मध्ये साडेबारा टक्क्यांची योजना आली. ज्याची जमीन घेतली त्याला विकसित जमिनीचा साडेबारा टक्के वाटा. नवी मुंबईच्या विमानतळासाठी गावे उठली तेव्हा हा वाटा साडेबावीस टक्क्यांपर्यंत गेला. वाटप रखडले, दलालांनी हात मारला, हेही खरे. पण तत्त्व मान्य झाले, की शेतकऱ्याचा वाटा आजच्या शेतात नसून उद्याच्या शहरात आहे. हे कोणी दान दिले नाही. त्याची किंमत पाच जणांनी रक्ताने चुकवली.

दुसरा मगरपट्टा. पुण्याला लागून हडपसरचा हा भाग. कालव्याचे पाणी, ऊस आणि भाजीपाला. पुण्याच्या विकास आराखड्यात त्यावर शहरीकरणाचा शिक्का पडणार हे दिसू लागले. आजूबाजूला इसार घेऊन जमिनी सुटत होत्या. सतीश मगर यांनी पुढाकार घेतला आणि सव्वाशेच्या आसपास शेतकरी कुटुंबांनी ४०० एकरांहून अधिक जमीन एकत्र केली. जमीन बिल्डरला विकली नाही. स्वतःची कंपनी काढली, ज्याची जितकी जमीन तितके त्याचे शेअर. २००० सालापासून तिथे नगर उभे राहिले. घरच्या पोरांनी बांधकामाची कंत्राटे घेतली. आज तिथले शेतकरी भाडे आणि लाभांश घेतात.

आम्ही मगरपट्ट्याची आरती करत नाही. तिथे जमीन सलग होती, पाण्याखालची होती, भावकी एक होती आणि शहर दारात होते. आपल्याकडे गट विखुरलेले, बांधावरून कोर्टकज्जे चाललेले आणि सातबारावर मेलेल्या आजोबांचे नाव. पण हेही पाहा: पाणी आणि सलगपणा नशिबाचा, एकी मात्र नशिबाची नव्हती.

आता पाळी आपली

कोरडवाहू मुलखात शहर कुठून येणार, अशा भ्रमात कोणी राहू नये. नागपूरला मिहान आला तेव्हा शहरालगतच्या गावांना हा अनुभव आला. छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्रा-बिडकीनला औद्योगिक नगरी उभी राहिली. समृद्धी महामार्ग २०२५ साली पूर्ण होऊन आपल्या कपाशी-ज्वारीच्या रानातून गेला. त्याच्या फाट्याफाट्यावर नवनगरे आखलेली आहेत. तालुक्याची गावे शहरे होत आहेत. बायपास पडला की त्याच्या दोन्ही अंगांना पांढऱ्या गाड्या फिरायला लागतात. गाडीतून उतरणारा माणूस नकाशा बघून आलेला असतो. आपण आभाळ बघून ठरवतो, तो आराखडा बघून ठरवतो. कोणता पट्टा पिवळा होणार आणि कोणता हिरवा राहणार हे त्याला आपल्याआधी कळते. हिरव्या पट्ट्याचे कौतुक शहरवाल्यांना. आपल्यासाठी हिरवा म्हणजे भाव गोठला, पिवळा म्हणजे भाव फुटला.

२०१३ च्या नव्या भूसंपादन कायद्याचे गुण आम्ही नाकारत नाही. ग्रामीण भागात बाजारभावाच्या दुपटीपर्यंत आणि त्यावर तितकेच दिलासा म्हणून, असे त्यात आहे. पण गुणाकार कशाचा? आसपासच्या खरेदीखतांचा. ती खरेदीखते शेत म्हणून झालेली. त्यात मुद्रांक वाचवायला आपणच किंमत कमी दाखवलेली. चार पट ऐकून हुरळू नका, आधी पट कशाची ते विचारा.

आणि घरची गोष्ट घरात बोलू. विकणाऱ्यांतही आपलीच माणसे आहेत. अडचणीत, सोयरिकीत, कर्जात विकतो तो वेगळा. पण चार गुंठे विकून गाडी, सोन्याची साखळी आणि गावजेवण करणारा गुंठामंत्री आता आपल्याही तालुक्यात दिसायला लागला आहे. तीन वर्षांत गाडीचे टायर झिजतात, साखळी सावकाराकडे जाते आणि ज्या जमिनीवर मालक होता तिथल्या सोसायटीच्या दारात तो रखवालदाराची खुर्ची टाकून बसतो. दलालाला शिव्या देऊन भागणार नाही. आपल्यातला एकेकजण एकटा-एकटा विकतो, तोपर्यंत दलालाचे राज्य राहणार.

जिल्हा बैठकीसमोरचे ठराव

म्हणून जिल्हा बैठकीत चार गोष्टींवर ठराव व्हावा, असे आम्ही सुचवतो.

एक : शहरी कमाल मर्यादा २००७ साली गेली, त्याच न्यायाने शेतजमिनीची कमाल मर्यादाही गेली पाहिजे आणि शेतजमीन कायद्यांचे नवव्या परिशिष्टाचे कुंपण निघाले पाहिजे. मालकी हक्क शहराला एक आणि गावाला दुसरा, हे चालणार नाही.

दोन : संपादन होईल तिथे मोबदला उद्याच्या उपयोगाच्या भावाने ठरावा. शिवाय विकसित जमिनीत वाटा हा शेतकऱ्याचा हक्क म्हणून कायद्यात लिहावा, दर वेळी गोळीबार झाल्यावर द्यायची मेहेरबानी म्हणून नको.

तीन : पट्टा बदलला की भाव बदलतो. पट्टा कोणाच्या अर्जावर आणि कोणत्या तारखेला बदलला, हे गावसभेत वाचून दाखवलेच पाहिजे. आराखड्याचा मसुदा निघाला की हरकतींना मोजकेच दिवस मिळतात. ते दिवस पेरणीत किंवा वेचणीत निघून जातात. प्रत्येक तालुक्याने दोन माणसे याच कामाला लावावीत.

चार : हा ठराव सरकारसाठी नाही, आपल्यासाठी आहे. इसारपावती, कुलमुखत्यारपत्र किंवा विकसन करार यावर सही करण्याआधी कागद बैठकीत आणायचा. वारसनोंदी आणि मोजणी करून ठेवायची. सलग गटाचे शेतकरी एकत्र बसतील, तेव्हाच भाव सांगायचा. विकायचे की नाही, हा ज्याचा त्याचा हक्क. फसायचे की नाही, हा सगळ्यांचा प्रश्न.

पुन्हा मुंबईला जाऊ तेव्हा दादर सुटल्यावर खिडकीशी बसा. धुराडे दिसले की शेजारच्याला सांगा, याच्या खाली आपल्या पणज्याने वेचलेला कापूस कातला गेला आहे, आणि त्याच्याही खाली कोणा कुणब्याचे भात आहे. दोघांपैकी एकाचाही वारस वरच्या मजल्यावर राहत नाही. मग तुमचा भाऊ विचारील, "इथं एकराला काय भाव?" या वेळी कोणी हसू नका. त्याला उलट विचारा, "तुझ्या गटाला उद्या काय भाव, आणि तो घेणारा कोण?"